गोधडीचं मोल ठरवताना स्वतःला विसरू नका

नवरात्र जवळ आलं की घरोघरची अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात. गच्चीच्या कठड्यावर, अंगणातल्या दोरीवर, कुंपणावर रंगीबेरंगी गोधड्या वाळत पडलेल्या दिसतात. आमच्या साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात. बाळासाठी शिवलेलं मऊमऊ असलं की ते दुपटं. नाव काहीही असो, जुन्या लुगड्यांना नवा जन्म देण्याचं हे काम आपल्या आज्या-सासवांनी उन्हाळ्यातल्या दुपारी बसून केलं आणि त्याचा एक पैसाही कुणाकडे मागितला नाही. घरच्यांसाठीच तर होतं ते!

आता मात्र दिवस बदलले आहेत. ज्या घरांत गोधडी शिवणारं कुणी उरलं नाही, त्या घरांतही गोधडीची ओढ आहे. कुणाला नातवासाठी हवी असते, कुणाला गेलेल्या आईच्या साड्यांची. त्यामुळे हाताला वळण असलेल्या गृहिणीला घरबसल्या चार पैसे मिळवायचा हा चांगला मार्ग झाला आहे. भांडवल तरी काय लागतं? लांब सुई, जाड सुती दोरा, कात्री, अंगुस्तान आणि बसायला उजेडाची जागा. शिलाई मशीन असली तर उत्तमच.

पण मैत्रिणींनो, माझ्या पाहण्यातल्या तिघी-चौघींनी हौसेनं हा उद्योग सुरू केला आणि वर्षा-दोन वर्षांत सुई खाली ठेवली. कामं येत नव्हती असं मुळीच नाही. उलट कामांचा ढीग होता. पाठ दुखायला लागली, डोळे चुरचुरायला लागले, आणि डब्यात पाहावं तर शिल्लक नाही! याचं कारण एकच. कापडाचा हिशेब केला, दोऱ्याचा केला, पण स्वतःच्या वेळेचा कुणी केलाच नाही.

तासांचा हिशेब

मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास घ्यावेत, तितके पैसे. सासूबाईंनी शिकवलेल्या धावदोऱ्यावर बाहेरची कामं घ्यायला लागले, तेव्हा तोच नियम मी गोधडीलाही लावला. हा हिशेब अगदी सोपा आहे. तुम्हीही वही-पेन्सिल घेऊन बसा.

साधी पाचवारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब असते आणि पन्हा ४५ इंच. तिचे ६०-६० इंचांचे तीन तुकडे निघतात. दोन तुकडे पन्ह्याच्या बाजूनं जोडले की ६० बाय ९० इंचांचा एक थर तयार होतो. म्हणजे दोन साड्यांत तीन थर. एका माणसाच्या गोधडीला वरचा, मधला आणि खालचा असे तीन थर पुरतात. शिवणीत इंच-दीड इंच जातो, तो आधीच धरून ठेवा.

आता टाक्यांचं पाहू. कडेकडेनं सुरुवात करून आत आत चौकटी घालत आपण मध्यावर येतो. दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलं, तर एवढ्या गोधडीला सुमारे ४५० फूट धावदोरा घालावा लागतो. चारशे पन्नास फूट, बरं का! गिऱ्हाईक सहज म्हणून जातं, "जरा जवळजवळ टाके घाला हं." हेच अंतर अर्धा इंच केलं की ४५० चे ९०० फूट होतात. म्हणजे काम दुप्पट. मग पैसे तेवढेच का?

तुमचा हात किती चालतो हे अंदाजानं धरू नका. घड्याळ समोर ठेवून एक तास शिवा आणि मोजपट्टीनं मोजा. समजा, तासाला १५ फूट होतात. तर ४५० फुटांना ३० तास लागले. त्याआधी साड्या धुणं, इस्त्री, कापणी, जोडणी आणि कच्चा दोरा घालणं यांत चार तास गेले. एकूण ३४ तास.

आता एक उदाहरण घेऊ. साड्या गिऱ्हाइकाच्याच आहेत. दोरा १५० रुपये, गोटाचं कापड २००, साबण, इस्त्री व वीज ५०, पिशवी आणि ने-आण १५०. वरखर्च झाला ५५० रुपये. ओळखीतली एखादी बाई म्हणते, "आठशेला द्या, घरचंच समजा." तुम्हीही होकार देता. आठशेतून साडेपाचशे वजा जाता हाती राहिले २५० रुपये. त्याला ३४ तासांनी भागा. तासाला साडेसात रुपयेसुद्धा पडत नाहीत! एवढ्यात चहाचा एक कप तरी येतो का?

हीच गोधडी तासाला ५० रुपये धरून केली, तर मजुरीचे १७०० आणि वरखर्चाचे ५५० मिळून २२५० रुपये होतात. सुई मोडते, मशीन दुरुस्तीला येते, एखादं काम अंगावर पडतं. त्यासाठी दहा टक्के वर घ्या. म्हणजे किंमत झाली अडीच हजारांच्या घरात. पन्नास हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. तुमच्या गावात दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या बाईंना तासाचे किती मिळतात ते विचारा आणि निदान त्याहून खाली जाऊ नका.

"मायेच्या कामाचे पैसे?"

हा प्रश्न तुम्हाला घरातूनच विचारला जाईल. आमच्याकडेही सासूबाईंनी विचारला होता. "अगं, गोधडीत माया असते. तिचे कसले पैसे घेतेस?" मी एवढंच म्हणाले, "आई, मायेचे नाही घेत. वेळेचे घेते." नातवंडांच्या गोधड्या त्या अजूनही फुकट शिवतात आणि तेच शोभून दिसतं. पण ज्यांचं आपलं नातं फक्त कामापुरतं आहे, त्यांनी आपल्या ३४ तासांचं मोल द्यायला नको का?

दुसरा आक्षेप येतो तो बाजाराचा. "बाजारात सातशेला रजई मिळते हो!" मिळते ना. ती मशीनवर तयार होते, तिच्यात आईची साडी नसते आणि तिला तुमचा हातही लागलेला नसतो. असं म्हणणाऱ्याला हसून सांगावं, "मग तीच घ्या." भांडायचं नाही आणि भावही पाडायचा नाही. एकीनं भाव पाडला की आजूबाजूच्या पाचजणींचा पडतो.

मोठी किंमत ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी लहान वस्तू ठेवा. ३६ बाय ४० इंचांच्या बाळाच्या गोधडीला १२० फूट दोरा लागतो. म्हणजे शिवणाचे आठ तास आणि तयारीचे दोन. ती सातशेच्या आसपास देता येते आणि बारशाला हमखास खपते. राहिलेल्या तुकड्यांची आसनं, उशीचे अभ्रे, पिशव्या करा. मशीनवर शिवून फक्त गोट हातानं घातलेली गोधडीही स्वस्तात बसते. मात्र ती मशीनची आहे हे आधीच सांगा.

साडी घेताना डोळ्यांत तेल घाला

गेलेल्या माणसाची साडी कुणी आपल्या हातात देतं, तेव्हा फार मोठी जबाबदारी देतं. ती साडी पुन्हा मिळणार नसते. म्हणून हे नियम पाळाच:

साड्या समोरासमोर मोजा. डाग, विरलेल्या जागा, फाटलेले काठ दाखवा आणि वहीत लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

कापड दोन्ही हातांनी हलकेच ताणून बघा. चरचर आवाज आला किंवा धागे सरकले, तर ते वरच्या थराला घेऊ नका. जुनं रेशीम घडीवर फाटतं. त्याला मागून मलमलचा आधार द्या, नाहीतर नुसता काठ किंवा पदर मधोमध बसवा.

पांढरा रुमाल ओला करून साडीच्या कोपऱ्यावर चोळा. रंग रुमालाला लागला, तर ती साडी फिकट कापडाशेजारी लावू नका.

गोटाला किंवा अस्तराला नवं सुती कापड घेतलं, तर ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवल्याशिवाय कात्री लावू नका. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि गोधडीला चुण्या पडतात.

सुळसुळीत जॉर्जेट किंवा नायलॉन आतल्या थरात घालू नका. ते सरकतं आणि घामही शोषत नाही. बाळाच्या गोधडीला मऊ झालेलं सुतीच कापड हवं. जर, टिकल्या, मणी काहीही नको.

कापणीपूर्वी निम्मी रक्कम घ्यावी. एकदा साडीला कात्री लागली की काम परत फिरवता येत नाही.

मदतनीस आणि कागदपत्रं

कामं वाढली की शेजारच्या काकू किंवा वहिनी हाताशी येतात. त्यांना "बघू नंतर" म्हणू नका. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तोच पुढे लिज्जत पापड झाला. तिथली एक रीत मला फार मोलाची वाटते. ज्या बहिणीनं जेवढे पापड लाटले, तेवढी लाटणावळ तिच्या पदरात पडते. आपणही जोडीदारणीला फुटांवर मजुरी ठरवून द्यावी आणि काम हातात आलं की त्याच दिवशी पैसे द्यावेत. एखाद्या दुपारी गप्पांत दोन ओळी कमी झाल्या तरी मग कुणाच्या मनात किंतू राहत नाही.

सरकारदरबारी नाव असलेलं बरं. १ जुलै २०२० पासून लहान उद्योगांसाठी 'उद्यम' नोंदणी सुरू झाली आहे. ती संगणकावर किंवा मोबाइलवर होते, आधार आणि पॅन लागतं आणि सरकारी फी अजिबात नाही. कर्ज काढताना हा कागद उपयोगी पडतो. माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा झाला, तर मात्र आधी करसल्लागाराला विचारून घ्या. बचतगटात असाल, तर पुण्याची भीमथडी जत्रा, मुंबईचं महालक्ष्मी सरस अशा प्रदर्शनांची चौकशी करा. तिथे पोळपाट-लाटण्यापासून गोधडीपर्यंत सगळं खपतं.

आणि शेवटचं, पण महत्त्वाचं. गोधडीचे पैसे किराण्याच्या डब्यात टाकू नका. बँकेत आपल्या नावाचं वेगळं खातं उघडा. एकाच डब्यात सगळं गेलं की महिनाअखेर कळत नाही, आपण कमावलं की नुसतं राबलो. वहीत तीनच रकाने पुरेत. आले किती, गेले किती आणि तास किती. तिसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्या बायका फार आहेत. पुढचं काम हातात घ्याल, तेव्हा सुईत दोरा ओवण्याआधी घड्याळात बघून तेवढी वेळ लिहून ठेवा.