तुर्भ्याची खाडी आणि बोस्टनचे बंदर

मुंबईच्या ईशान्येस, ठाण्याच्या खाडीकाठी एक डोंगर उभा आहे. त्याच्या पायथ्याशी तुर्भे हे कोळ्यांचे जुने गाव. इंग्रजांच्या तोंडी या नावाचे ट्रॉम्बे झाले व पुढे तेच रूढ झाले. आज हा भाग मुंबईशी जोडला गेला आहे. परंतु अठराव्या शतकात ते एक वेगळे बेट होते. त्याच्या नैर्ऋत्येस मुंबई, उत्तरेस साष्टीचे मोठे बेट आणि आग्नेयेस, पाण्यापलीकडे, घारापुरी. मुंबई इंग्रजांची होती; तुर्भे व साष्टी यांवर मात्र मराठ्यांचा अंमल होता. चिमाजी अप्पांनी १७३७ ते १७३९ या काळात पोर्तुगिजांशी झुंजून हा सारा मुलूख जिंकून घेतला होता. मुंबईच्या तटावरून इंग्रज अधिकारी साष्टीकडे पाहत आणि ती आपल्याला कशी मिळेल याचा विचार करीत.

येथून हजारो मैल दूर, अटलांटिक महासागराच्या पलीकडे, बोस्टन हे बंदर आहे. उत्तर अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर इंग्लंडहून गेलेल्या लोकांनी तेरा वसाहती स्थापन केल्या होत्या. तुर्भ्याचा आणि बोस्टनचा संबंध काय, असे कोणालाही वाटेल. तो संबंध जोडला ईस्ट इंडिया कंपनीने.

फ्रान्सशी सात वर्षे युद्ध करून इंग्लंड कर्जबाजारी झाले होते. हे कर्ज फेडण्यास वसाहतींनीही हातभार लावावा, असे लंडनच्या पार्लमेंटने ठरविले, आणि १७६५ पासून कागदपत्रांवर व नंतर चहासारख्या मालावर कर बसविले. वसाहतवाल्यांचे म्हणणे सरळ होते : पार्लमेंटात आमचा एकही प्रतिनिधी नाही, तेव्हा आमच्यावर कर बसविण्याचा अधिकार पार्लमेंटला नाही. इकडे कंपनीचे दिवाळे निघण्याची वेळ आली होती. तिच्या वखारींत न खपलेला चहा साठून राहिला होता. तो वसाहतींत स्वस्तात विकता यावा म्हणून १७७३ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. चहावरील कर मात्र तसाच ठेवला. तेव्हा १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनचे काही लोक वेष पालटून जहाजांवर चढले व त्यांनी कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या केल्या.

या गोष्टीला जेमतेम वर्ष झाले होते. तुर्भ्याच्या डोंगराखालून जाणारी खाडी उत्तरेस ठाण्यापर्यंत पोहोचते, आणि तेथे साष्टीचे रक्षण करणारा किल्ला होता. डिसेंबर १७७४ मध्ये त्याच कंपनीच्या मुंबईकर अधिकाऱ्यांनी या किल्ल्यावर हल्ला केला. महिना संपण्यापूर्वी किल्ला पडला आणि साष्टी इंग्रजांच्या हाती गेली.

मराठ्यांसारख्या प्रबळ राज्याच्या मुलखावर हात टाकण्याचे धैर्य त्यांना झाले, याचे कारण पुण्यात होते. ऑगस्ट १७७३ मध्ये पेशवे नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला होता. त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर बसले. परंतु नाना फडणवीस आदी कारभाऱ्यांनी त्यांना मानले नाही, व नारायणरावांच्या मागे जन्मलेल्या बालकाच्या नावाने कारभार चालविला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेस कंपनीशी तह केला : कंपनीने फौज द्यावी व पुण्याची गादी मिळवून द्यावी, त्या बदल्यात साष्टी आणि वसई कंपनीकडे जावी. घरचे भांडण परक्याच्या दारी नेण्याची ही किंमत होती.

सुरतेच्या तहाला दीड महिना होतो न होतो तोच, १९ एप्रिल १७७५ रोजी, बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टन गावी इंग्रज सैनिकांची व शेतकऱ्यांची गाठ पडून पहिल्या गोळ्या झडल्या. अशा रीतीने दोन खंडांत इंग्रजांशी दोन युद्धे एकाच वेळी जुंपली. त्यांत एक भेद होता. मराठे स्वतंत्रच होते. ते असलेले स्वातंत्र्य राखण्यासाठी लढत होते. वसाहतवाले नसलेले स्वातंत्र्य मिळविण्यासाठी लढत होते. ४ जुलै १७७६ रोजी त्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. सर्व माणसे समान आहेत, असे त्यात म्हटले होते. पण तो लिहिणाऱ्या जेफर्सनच्या स्वतःच्या शेतांवर गुलाम राबत होते, हेही विसरता येत नाही.

वसाहतवाले लढले कसे? प्रारंभी त्यांच्याजवळ कवायती सैन्य नव्हते. हाक येताच नांगर सोडून बंदूक उचलणारे शेतकरी व कारागीर हेच त्यांचे शिपाई. त्यांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन अनेक लढाया हरला. परंतु सैन्य पुरते मोडू देण्याइतकी मोठी लढाई तो शक्यतो टाळी, मागे हटे आणि शत्रू बेसावध असताना परत येई. १७७६ च्या नाताळच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहत असलेली डेलावेअर नदी त्याने नावांतून ओलांडली आणि सकाळी ट्रेंटनची छावणी काबीज केली. गनिमी काव्याच्या कथा ऐकलेल्या महाराष्ट्रातील मुलांना ही रीत ओळखीची वाटेल. पुढे १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत अन्नवस्त्रांवाचून आणि रोगांनी त्याची सुमारे दोन हजार माणसे दगावली. तरीही सैन्य मोडले नाही.

१७७७ मध्ये बर्गॉइन हा इंग्रज सेनापती कॅनडातून मोठी फौज घेऊन दक्षिणेकडे निघाला. त्याच्याबरोबर जड तोफा व सामानाच्या असंख्य गाड्या होत्या. वसाहतवाल्यांनी त्याच्या वाटेवर झाडे तोडून आडवी टाकली आणि पूल मोडले. अरण्यात रोज मैलभर चालणेही त्या फौजेला जड झाले. धान्य संपत आले, चहूकडून माणसे गोळा झाली, आणि १७ ऑक्टोबर १७७७ रोजी साराटोगा येथे बर्गॉइनने सुमारे सहा हजार सैनिकांसह शस्त्रे खाली ठेवली. ही वार्ता ऐकून फ्रान्सने १७७८ मध्ये वसाहतींशी उघड मैत्री केली.

फ्रान्स युद्धात उतरल्याची झळ पुण्यालाही लागली. सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच १७७७ मध्ये पुण्यास आला होता व नानांनी त्याचा सत्कार केला होता. फ्रेंच आणि मराठे एक झाले तर मुंबई टिकणार नाही, असे भय इंग्रजांना वाटले. नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांस बरोबर घेऊन मुंबईची फौज निघाली. तुर्भ्यासमोरच्या पाण्यातून ती पनवेलीस उतरली आणि बोरघाट चढू लागली. लढणारी माणसे चार हजारांच्या आत, पण सामान वाहण्यास बैल मात्र एकोणीस हजार! बर्गॉइनच्या गाड्यांची जी गत अमेरिकेच्या अरण्यात झाली, तीच या बैलांची सह्याद्रीत झाली. रोज मैलभर वाटचाल होईना. महादजी शिंदे व तुकोजी होळकर यांचे स्वार भोवती घिरट्या घालीत होते. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट हा शूर अधिकारी पडला. शत्रूचे शौर्यही मानणाऱ्या मराठ्यांनी त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटले. वडगावात त्याची समाधी आजही आहे.

९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावास पोहोचले. पाहतात तो गाव ओस, दाणावैरण जळून खाक. पुणे अवघे वीस मैलांवर राहिले होते. पण पुढे जाण्याचा धीर होईना. ११ तारखेच्या रात्री त्यांनी मोठ्या तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटविले आणि गुपचूप माघार घेतली. महादजींना ते कळलेच. वडगावात इंग्रज चारी बाजूंनी कोंडले गेले व त्यांना करार करावा लागला : रघुनाथरावांस स्वाधीन करावे, आणि साष्टीसह १७७३ पासून घेतलेला सर्व मुलूख परत द्यावा.

साराटोगा आणि वडगाव यांत केवळ पंधरा महिन्यांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी इंग्रज फौज कोंडली गेली, दोन्ही ठिकाणी करार झाला. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. पुन्हा अमेरिकेत लढणार नाही असे वचन देऊन बर्गॉइनच्या सैनिकांनी मायदेशी जावे, असे साराटोगास ठरले होते. वसाहतींच्या काँग्रेसने निरनिराळ्या हरकती काढून त्यांना जाऊच दिले नाही. हा उघड वचनभंग होता. पण ती फौज पुन्हा कोठेही लढू शकली नाही. वडगावी मराठ्यांनी दिलेला शब्द पाळला. दोन अधिकारी ओलीस ठेवून त्यांनी साऱ्या फौजेला मुंबईस जाऊ दिले. फौज सुखरूप पोहोचताच, करारावर सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असे मुंबईकरांनी जाहीर केले. साष्टी परत मिळाली नाही. फेब्रुवारीअखेर बंगालहून निघालेला गॉडर्ड सुरतेस येऊन ठेपला आणि युद्ध नव्याने पेटले.

नानांनी आता हैदरअल्ली व निजाम यांना एकत्र आणले. १७८० मध्ये हैदरअल्लीने मद्रासकडे इंग्रजांचा मोठा पराभव केला. त्याचे नाव अमेरिकेपर्यंत गेले. पेनसिल्व्हेनियाच्या लोकांनी आपल्या एका लढाऊ जहाजास हैदरअल्लीचे नाव दिले, आणि त्या जहाजाने एप्रिल १७८२ मध्ये एक इंग्रज जहाज पकडले. कोकणात मात्र डिसेंबर १७८० मध्ये गॉडर्डने वसई घेतली. १७८१ मध्ये तोही बोरघाटातून पुण्याकडे वळला, पण हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याला नामोहरम करून मागे पिटाळले.

त्याच वर्षी अमेरिकेत यॉर्कटाऊन येथे कॉर्नवॉलिस हा इंग्रज सेनापती अडकला. जमिनीवर वॉशिंग्टन व फ्रेंच सैन्य, समुद्रावर फ्रेंच आरमार. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी तो शरण आला. ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसच्या तहाने इंग्लंडने तेराही वसाहतींचे स्वातंत्र्य मान्य केले.

इकडे महादजींच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. वसई परत आली. रघुनाथरावांची बाजू इंग्रजांनी सोडली. पेशव्यांचे राज्य टिकले, ते पुढे १८१८ पर्यंत. यॉर्कटाऊनला हरलेल्या कॉर्नवॉलिसला इंग्लंडने १७८६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल म्हणून पाठविले. साष्टी मात्र सालबाईच्या तहानेही इंग्रजांकडेच राहिली. तुर्भ्याच्या खाडीकाठी १७७४ च्या डिसेंबरात आलेला त्यांचा अंमल १५ ऑगस्ट १९४७ पर्यंत, म्हणजे १७२ वर्षांहून अधिक काळ, तेथे होता.