नेरॉयफ्योर्ड: कड्यांच्या कुशीत स्पीडबोट

नॉर्वेतल्या फ्लोम गावातून आम्ही बारा जण रबरी काठाच्या स्पीडबोटीत बसलो. अंगात जाड सूट, डोळ्यांवर गॉगल. जून असूनही वारा गालांना झोंबत होता.

नेरॉयफ्योर्ड ही समुद्राची खाडी साधारण १७ किलोमीटर लांब, पण सगळ्यात अरुंद जागी जेमतेम २५० मीटर रुंद! २००५ पासून जागतिक वारसा.

हिमनदीने डोंगर खरवडून खोल दरी केली. बर्फ मागे हटला तसा समुद्र आत शिरला. म्हणून कडे थेट पाण्यातून उभे राहिलेले दिसतात.

मध्येच चालकाने इंजिन बंद केलं. दुरून धबधब्याचा आवाज, आणि समोर खडकावर पहुडलेला सील. त्याच्या ओल्या मिशासुद्धा दिसत होत्या!

तुम्ही गेलात तर हातमोजे न्याच.