तळहातावरचे द्विपंखी विमान

डोक्यावरचा एक केस घ्या आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. शेजारी शिवणाच्या डब्यातला दोरा ठेवा. तो ०.२ ते ०.३ मि.मी. भरेल. एवढ्याशा फरकाचे एरवी आपल्याला काहीच वाटत नाही. पण पहिल्या महायुद्धातील विमानाची लहान प्रतिकृती करायला तुम्ही बसलात, की हाच फरक महत्त्वाचा ठरतो. त्या विमानांच्या दोन पंखांमध्ये तिरक्या तारा ताणलेल्या असत. अशी तार सुमारे ६ मि.मी. रुंदीची धरली आणि प्रतिकृतीचे प्रमाण १:७२ असले, तर प्रतिकृतीत ती ०.०८ मि.मी. हवी, म्हणजे केसाएवढी. तेथे दोरा लावलात, तर खऱ्या विमानावर अंगठ्याएवढ्या जाड सळया ठोकल्यासारखे दिसेल!

प्रतिकृतींसाठी १:७२ हे प्रमाण फार प्रचलित आहे. ते असे विचित्र का, हे सहज कळण्याजोगे आहे. सहा फुटांचे बहात्तर इंच होतात. म्हणून या प्रमाणात सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो.

पहिल्या प्रयत्नासाठी मी ‘सॉपविथ कॅमल’ हे ब्रिटिश लढाऊ विमान सुचवतो. त्याचे पहिले उड्डाण डिसेंबर १९१६ मध्ये झाले. १९१७ च्या जूनपासून ते फ्रान्समधील रणांगणावर दिसू लागले. पंखांचा विस्तार ८.५३ मीटर, लांबी ५.७ मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ६६० किलोग्रॅम. वैमानिकापुढे दोन मशीनगन आणि त्यांच्यावर पत्र्याचे उंचवटेदार आवरण. त्या उंचवट्यावरूनच त्याला ‘कॅमल’, म्हणजे उंट, हे नाव पडले. याच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींचे संच अनेक कंपन्यांनी काढले आहेत. भागही थोडे असतात.

आता वही घ्या. विस्ताराला ७२ ने भागा: सुमारे ११.८ सेंटिमीटर. विमान तळहातावर मावेल. पंखांचे क्षेत्रफळ २१.५ चौरस मीटर आहे. त्याला मात्र ७२ ने भागून चालणार नाही. क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून ५,१८४ ने भागा. उत्तर येते सुमारे ४१ चौरस सें.मी. वजन घनफळाप्रमाणे, म्हणजे लांबीच्या घनाप्रमाणे बदलते. म्हणून ६६० किलोग्रॅमला ३,७३,२४८ ने भागायचे. उत्तर येते पावणेदोन ग्रॅमच्या आसपास! तयार झालेली प्रतिकृती रसायनशास्त्राच्या तराजूत घालून पाहा. ती याहून कितीतरी जड भरेल. कारण खऱ्या विमानात लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेले होते आणि आत बहुतेक हवाच होती. आपली प्रतिकृती मात्र भरीव प्लॅस्टिकची आहे. आकार लहान करता येतो, पण त्याबरोबर सगळ्याच राशी सारख्या प्रमाणात लहान होत नाहीत. रंगवताना हा मुद्दा पुन्हा येईल.

पण मुळात पंख दोन का? तुम्ही म्हणाल, दोन पंखांनी दुप्पट उचल मिळावी म्हणून. तसे होत नाही. वरच्या पंखाखालची जास्त दाबाची हवा आणि खालच्या पंखावरची कमी दाबाची हवा एकमेकींच्या कामात अडथळा आणतात. खरे कारण मजबुतीचे आहे. एक पोस्टकार्ड एका कडेला धरून दुसऱ्या टोकावर नाणे ठेवा. ते लगेच वाकेल. आता दोन पोस्टकार्डे एकमेकांवर चार-पाच सें.मी. अंतराने धरा, मध्ये उभ्या काड्या चिकटवा आणि कर्णांच्या दिशेने दोरे ताणून बांधा. तेच नाणे आता सहज पेलले जाते. रेल्वेच्या लोखंडी पुलाच्या कैचीत हेच तत्त्व असते. ही तुलना माझ्या पदरची नव्हे. रेल्वेमार्ग आणि पूल बांधणारे अमेरिकन अभियंता ऑक्टेव्ह शानूत यांनी १८९६ च्या आपल्या ग्लायडरमध्ये पुलाची कैची मुद्दाम उचलली आणि राइट बंधूंनी तीच रचना पुढे नेली. त्या काळी हलका आणि जाड असा एकच भक्कम पंख करणे जमलेले नव्हते. म्हणून दोन पातळ पंख घेऊन त्यांचा पूल बांधला गेला.

हे समजले, की तारा कोठून कोठे न्यायच्या हे पाठ करावे लागत नाही. विमान उडत असताना हवा पंखांना वर ढकलते. पंखांची टोके वर वाकू नयेत म्हणून खालच्या पंखाच्या बुडापासून, धडाजवळून, निघून बाहेरच्या खांबांच्या वरच्या टोकाला जाणाऱ्या तारा ताण घेतात. या उड्डाण-तारा. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा पंख स्वतःच्या वजनाने खाली झुकू पाहतात. तेव्हा वरच्या पंखाच्या मध्यापासून खांबांच्या तळाशी येणाऱ्या तारा ताण घेतात. या अवतरण-तारा. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून दोन्ही दिशांच्या तारा लागतात आणि त्यांची फुली होते. संचाच्या पेटीवरचे चित्र धूसर असले तरी आता तुमचे अडायचे नाही.

कॅमलचे इंजिनही आजच्या इंजिनांपेक्षा वेगळे होते. त्यात दंड विमानाला पक्का जखडलेला असे आणि नऊ सिलिंडरांचे सबंध कडे पंख्याबरोबर गरगर फिरत असे. सायकलचे सुटे चाक आसाला दोन्ही हातांनी धरून कोणाकडून तरी जोरात फिरवून घ्या आणि मग आस डावी-उजवीकडे वळवून पाहा. चाक अनपेक्षितपणे वर किंवा खाली उसळी घेईल. कॅमलचे तसेच होई. उजवीकडे वळताना त्याचे नाक खाली जाऊ पाही, तर डावीकडे वळताना वर. त्यातून इंजिन, इंधन, बंदुका आणि वैमानिक हे सारे वजन पुढच्या जेमतेम दोन मीटरांत एकवटलेले. त्यामुळे हे विमान विलक्षण चपळ होते. शत्रूला ते घातक ठरे, आणि नवशिक्या वैमानिकालाही. कॅमल चालवणारे ४१३ वैमानिक लढाईत मेले आणि ३८५ लढाई नसताना, असा आकडा दिला जातो. दोन आकड्यांमध्ये किती थोडे अंतर आहे पाहा. त्यांतले बरेचजण तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे होते.

या वैमानिकांमध्ये एक भारतीयही होते. रावळपिंडीचे हरदित सिंग मलिक ऑक्सफर्डला शिकत होते. तेथून ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिरले आणि २८ व्या स्क्वाड्रनमध्ये कॅमल चालवू लागले. ऑक्टोबर १९१७ मध्ये हवाई झुंजीत त्यांच्या पायात गोळ्या घुसल्या, तरी ते विमान घेऊन आपल्या हद्दीत उतरले. पुढे ते स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण ते वापरीत. प्रतिकृतीतील एक इंची वैमानिक रंगवताना हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता कामाला लागू. संचातील भाग एका चौकटीला काड्यांनी जोडलेले असतात. ते पिरगाळून तोडू नका. नखे कापण्याच्या साधनाने किंवा धारदार पात्याने कापा आणि उरलेला खुंट बारीक पॉलिश कागदाने घासा. त्याआधी सबंध चौकट साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. भाग पॉलिस्टायरिनचे असतात. त्यांचे खास चिकटद्रव्य म्हणजे खरे तर विद्रावक असते. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवते, दोन्हीकडचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात आणि विद्रावक उडून गेला, की सांधा एकजीव होतो. म्हणून ते थेंबभरच लावावे. जास्त लावल्यास भागच वितळतो. खिडकी उघडी ठेवा. ती वाफ हुंगण्याची वस्तू नव्हे.

नवशिक्यांचा सर्वांत मोठा घोटाळा वरचा पंख बसवताना होतो. आठ-दहा काटकुळे खांब एकाच वेळी आपापल्या खाचेत बसायला हवेत, आणि ते बसत नाहीत. कॅमलमध्ये मात्र एक सोय आहे. त्याचा खालचा पंख टोकाकडे सुमारे ५ अंशांनी वर कललेला आहे, पण वरचा अगदी सरळ आहे. कारखान्यात वरचा पंख झटपट तयार व्हावा म्हणून तो तसा केला गेला. त्या घाईचा फायदा आता तुम्ही घ्या. वरचा पंख टेबलावर उताणा ठेवा. तो सपाट टेकेल. त्याच्या खाचांत बाहेरचे खांब उभे करा, चिकटद्रव्य अर्धवट आळेपर्यंत थांबा आणि मग धड खालच्या पंखासकट उलटे करून वरून टेकवा. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे पुस्तकांचे किंवा काड्यापेट्यांचे आधार द्या आणि रात्रभर हात लावू नका. समोरून पाहिल्यावर पंखांमधले अंतर टोकांकडे कमी होत गेलेले दिसेल. ते तसेच असायला हवे.

रंग मात्र या जोडणीच्या आधीच द्यायचा. नंतर दोन पंखांच्या मध्ये कुंचला पोचत नाही. खऱ्या विमानाचे कापड जवसाच्या धाग्यांचे, म्हणजे लिननचे होते. त्यावर सेल्युलोजचे ‘डोप’ नावाचे रोगण फासत. ते वाळताना आकसे आणि कापड ढोलकीसारखे ताणले जाई. खालच्या बाजूला रोगण बिनरंगी असे. म्हणून तेथे फिकट साईसारखा रंग द्या. वरच्या बाजूला ‘पी. सी. १०’ नावाचे रंगीत रोगण असे. सूर्यकिरणांतील जंबुपार भागाने कापड कुजू नये, हा त्याचा एक हेतू होता. हा रंग हिरवा होता की तपकिरी, यावर हौशी मंडळी तावातावाने भांडतात. मला त्या भांडणात फारसा अर्थ दिसत नाही. त्यात मुख्यतः पिवळसर लोहमाती आणि काजळी होती. तुमच्या चित्रकलेच्या पेटीतील यलो ऑकरमध्ये थोडा काळा मिसळा. हिरव्याचा थेंबही न घालता हिरवट झाक येईल. काळ्याचे प्रमाण, ऊन आणि जुनेपणा यांप्रमाणे छटा बदलणारच.

आता मघाचा मुद्दा. कुंचल्याने दिलेला रंगाचा जाडसर थर ०.०५ मि.मी. भरला, तर खऱ्या विमानावर तो साडेतीन मि.मी. जाडीचा गिलावा होईल! रंग लहान प्रमाणात विकत मिळत नाही. म्हणून तो पातळ करून दोन-तीन थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा. फिकट रंग आधी, गडद नंतर. खांब लाकडी होते. त्यांना भुरा रंग द्या आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने तपकिरी रेघा ओढा.

राहिल्या तारा. चौकटीची २.५ मि.मी. जाडीची एक काडी मेणबत्तीच्या ज्योतीच्या दोन-तीन सें.मी. वर फिरवत धरा. पॉलिस्टायरिन पेट घेते, म्हणून काडी ज्योतीत जाऊ देऊ नका आणि मोठ्या माणसाला जवळ बसवा. काडी मऊ होऊन लोंबू लागली, की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी एकसारखी ओढा. केसासारखा तंतू निघेल. घनफळ तेवढेच राहते. जाडी २.५ वरून ०.०८ मि.मी. वर आली, म्हणजे सुमारे ३१ पट कमी झाली. मग लांबी ३१ च्या वर्गाइतकी, जवळजवळ हजारपट वाढली. मिलिमीटरभर काडीतून मीटरभर तार! ती मापाने कापून, टोकांना टाचणीच्या अग्राने पांढऱ्या डिंकाचा कण लावून बसवा. थोडी ढिली राहिली तरी चालेल. डिंक वाळल्यावर पेटलेली अगरबत्ती तिच्याजवळ, न टेकवता, क्षणभर न्या. तार आपोआप ताणली जाईल. ओढताना सरळ झालेले रेणू थंड होताना तसेच गोठले होते. ऊब मिळताच ते पुन्हा गुंडाळी करू पाहतात आणि तार आखडते. अगरबत्ती जास्त वेळ धरलीत, तर ती तुटेल. मग दुसरी ओढा.

शेवटी एरंडेल. फिरत्या इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल वापरीत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. ते इंजिनातून बाहेर फेकले जाऊन विमानाच्या पोटावर पसरे. वैमानिकांच्या नाकातोंडातही जाई, आणि त्याचा व्हायचा तो परिणाम होई, असे सांगतात. म्हणून इंजिनाच्या कड्यामागे, पोटाखाली, अगदी पातळ तपकिरी रंगाचे मागे ओघळलेले पट्टे काढा.

पुढची प्रतिकृती कोणती, असे विचाराल तर ‘एस. ई. ५ ए’ घ्या. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मृत्यू येण्यापूर्वी याच विमानातून दहा विजय मिळवले होते. त्याचे इंजिन स्थिर आणि पाण्याने थंड होणारे. म्हणून एरंडेलाचे डाग नाहीत, पण नाकाशी चौकोनी रेडिएटर हवा. आणि त्याचे दोन्ही पंख वर कललेले आहेत. तेथे टेबलाची युक्ती चालणार नाही. जाड पुठ्ठ्याचा साचा कापून घ्यावा लागेल.