महाडचे नगराध्यक्ष सुरबा नाना टिपणीस

पाणपोई घालणें हें आपल्या घराण्यांतून परंपरेनें मोठें पुण्य मानलें गेलें आहे. चैत्राच्या उन्हांत वाटसरूच्या ओंजळींत गार पाणी घालणाऱ्या आज्या आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिल्या असतील. परंतु ज्या पाण्यावर एखाद्याचा मूळचाच हक्क आहे, तें त्याला दान म्हणून द्यावयाचें कीं त्याच्या वाटेंतून आपण बाजूस व्हावयाचें, हा प्रश्न त्या काळीं फारसा कोणी विचारीत नसे. महाडच्या एका नगराध्यक्षांनीं तो आपल्या गांवांत विचारला. त्यांचें नांव सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. त्या प्रांतांत सारे त्यांस सुरबा नाना म्हणत.

महाड व पोलादपूर हा मुलूख पाण्याच्या बाबतींत मोठा चमत्कारिक. महाबळेश्वराहून निघालेली सावित्री पोलादपुरावरून वाहत महाडास येते. पावसाळ्यांत पाणी माणसांस शोधीत घरांत शिरतें. २०२१ सालच्या जुलै महिन्यांतील महापूर कोण विसरेल? उलट चैत्र-वैशाखांत डोंगरवाड्यांतील माणसेंच पाण्यास शोधीत फिरतात. अशा मुलखांतील बाजारपेठेच्या गांवीं भर वस्तींत चवदार तळें आहे. बाजारासाठीं व कोर्टकचेरीच्या कामासाठीं चोहोंकडील खेड्यांतून लोक येत. त्यांतील अस्पृश्य मानलेल्या माणसास मात्र त्या तळ्याचें पाणी वर्ज्य होतें. गुरेंढोरें जेथें पाणी पीत, तेथें माणसास मनाई होती.

टिपणीस हें आडनांवच मुळीं दप्तरीं कामावरून पडलेलें. चांद्रसेनीय कायस्थ प्रभु समाजांत जन्मलेल्या सुरबा नानांस लिखापढीची व कारभाराची परंपरा घरचीच होती. महाडच्या भूमींतही या विचाराचें बीज पूर्वींच पडलेलें होतें. लष्करांतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर याच भागांतले. १८९५ सालीं त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हां त्यांच्या शेजारीं बसावें लागणार म्हणून इतर सभासदांनीं मोठी कुरकुर केली होती.

पुढें १९२३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत एक ठराव संमत करून घेतला. सरकारी खर्चानें बांधलेले अथवा सरकारनें वा कायद्यानें नेमलेल्या संस्थांच्या ताब्यांतील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय. अनेक गांवांनीं तो कागद दप्तरांत बांधून ठेविला. महाड नगरपालिकेनें मात्र १९२४ सालीं तदनुसार ठराव करून आपलें तळें सर्वांस खुलें केलें. या कामीं सुरबा नाना अग्रभागीं होते.

ठराव झाला, तरी तीन वर्षें तळ्यावर कोणी आलें नाहीं. येण्याचें धैर्य व्हावें कसें? गांवाचा धाक कागदानें जात नाहीं. ही उणीव ओळखून रामचंद्र बाबाजी मोरे प्रभृति तरुणांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालीं महाडास परिषद भरविण्याचा बेत केला, तेव्हां सुरबा नाना व त्यांचे स्नेही अनंतराव चित्रे हे त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. १९ व २० मार्च १९२७ रोजीं ती परिषद भरली. तिच्यासाठीं चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें, ही एकच गोष्ट त्या वेळच्या स्थितीची साक्ष देण्यास पुरेशी आहे. २० मार्च रोजीं मिरवणूक तळ्यावर गेली व बाबासाहेबांनीं स्वहस्तें पाणी प्राशन केलें.

त्यानंतर जें घडलें तें आम्हां वरिष्ठ वर्णीयांस मान खालीं घालावयास लावणारें आहे. ‘हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार’ अशी हूल उठली, आणि परतणाऱ्या व जेवावयास बसलेल्या निरपराध माणसांवर लाठ्या चालल्या. कित्येकांस मुसलमान कुटुंबांनीं आपल्या घरांत आश्रय दिला. पुढें पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं खुद्द नगरपालिकेनेंच आपला १९२४ चा ठराव रद्द केला! डिसेंबरांत दुसरी परिषद भरावयाची, तर तिला जागा मिळेना. अखेर फत्तेखान नांवाच्या गृहस्थांनीं आपली जागा दिली. दुकानदारांनीं माल देण्याचें नाकारल्यामुळें शिधासामग्रीही बाहेरून आणावी लागली.

लोकसेवकाची कसोटी लागते ती अशाच वेळीं. ठराव मांडतांना टाळी मिळते. ठराव उलटल्यावर त्याच्या बाजूनें उभें राहणारास गांवांत एकाकी पडावें लागतें. सुरबा नाना मागें फिरले नाहींत. १९३७ च्या निवडणुकींत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कुलाबा जिल्ह्यांतून ते मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले. लोकांनीं त्यांस ‘दलितमित्र’ म्हटलें, तें या दीर्घ सोबतीमुळें.

आमच्या वाचकांच्या घरच्या दृष्टीनें आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्यात. तळ्यावरील हक्क नाकारण्यासाठीं जो दावा कोर्टांत गेला, त्यांतील वादींच्या नांवांत आपल्या परिचयाचीं आडनांवें आहेत; हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु डिसेंबरच्या परिषदेंत मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हेही जन्मानें ब्राह्मणच होते. लढ्यांतून ब्राह्मणांस वगळावें, अशी अट घालून कांहीं ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनीं साहाय्य देऊं केलें, तेव्हां बाबासाहेबांनीं ती अट नाकारली. वैर मनुष्याच्या जातीशीं नसून उच्चनीचतेच्या वृत्तीशीं आहे, ही त्यांची भूमिका होती. कोणत्या बाजूस उभें राहावयाचें, हें जन्मानें ठरत नाहीं, हाच याचा अर्थ.

दाव्याचा निकाल १९३१ सालीं तळें खुलें ठेवण्याच्या बाजूनें लागला. अपिलें चालूनही १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें तोच कायम केला. वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हें वादींस सिद्ध करतां आलें नाहीं. एक ओंजळ पाण्याचा न्याय मिळण्यास दहा वर्षें लागलीं!

आज दरवर्षीं २० मार्च रोजीं महाडास माणसांचा महापूर लोटतो. आपल्यापैकीं कोणी रायगडदर्शनास अथवा पोलादपुरावरून महाबळेश्वरास जातांना महाडावरून गेल्यास क्षणभर त्या तळ्याच्या कांठीं थांबावें. तेथें हात जोडतांना आपल्या घरींही एकदां पाहावें: भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंचा चहाचा पेला अजून निराळ्या फळीवर तर ठेवलेला नाहीं ना? असल्यास तो आपल्या पेल्यांच्या रांगेंत आणून ठेवावा. यांत त्या बाईंवर उपकार कांहीं नाहीं. सुरबा नानांनीं शतकापूर्वीं गांवासाठीं जो ठराव केला, तोच आपण आपल्या स्वयंपाकघरापुरता उशिरानें अमलांत आणला, इतकेंच होईल.