पंधरा मिनिटं पुढचं गाव

बीरगंज (नेपाळ)

रक्सौल स्टेशनातून बाहेर पडलं की टांगेवाले ओरडत असतात, 'बीरगंज, बीरगंज!' परदेशी जायचं म्हटलं की आपल्याला विमान, पासपोर्ट, व्हिसा आठवतो. इथे टांग्यात नाहीतर ई-रिक्षात बसायचं, सिरसिया नदीवरचा मैत्री पूल ओलांडायचा, आणि शंकराचार्य द्वाराच्या कमानीखालून नेपाळात शिरायचं. भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. खिशात ओळखपत्र असलं म्हणजे झालं. भारत-नेपाळ यांच्यात 1950 साली झालेल्या मैत्री कराराने दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, उद्योग-व्यापार करण्याची मोकळीक दिली. त्या मोकळिकीवरच रक्सौल आणि बीरगंज ही दोन गावं उभी आहेत, आणि आमच्या खानापूर तालुक्यातली काही घरंही.

माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, रक्सौलला गलाईचं दुकान चालवतो. त्याचा धाकटा भाऊ पुलापलीकडे बीरगंजात तेच काम करतो. मी धाकट्याकडे उतरलो आहे. विटा, लेंगरे, भाळवणी, आळसंद, इकडे मायणी, कातरखटाव या पट्ट्यातल्या वाचकांना गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. प्रत्येक वाडीतलं कुणी ना कुणी कुठल्या तरी लांबच्या सराफ बाजारात भट्टीपुढे बसलेलं असतं. पण कृष्णाकाठच्या सांगलीकरांना आणि सातारकरांना सांगितलं पाहिजे. जुने दागिने, मोड, सोनाराच्या दुकानातलं भेसळीचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं, त्याचा टंच काढून द्यायचा, हा तो धंदा. दुष्काळाने खानापूर, आटपाडी, माण, खटावच्या माणसांना घराबाहेर काढलं. ती केरळपासून काश्मीरपर्यंत गेली आणि या दारातून नेपाळातही पोचली.

परवा धाकट्याच्या दुकानात तासभर नुसता बघत बसलो होतो. एका म्हाताऱ्या सोनाराने फडक्यात बांधून आणलेलं सोनं त्याच्यापुढे ठेवलं. ना पावती, ना सही. काट्यावर वजन झालं, दोघांनी पाहिलं, संपलं. धाकट्याने त्यात चांदी घातली, अशी की एकूण वजनात सोनं चौथा हिस्सा राहील. मुशीत टाकणखार टाकून दोन्ही एकजीव वितळवलं आणि पाण्यात ओतलं, तसे त्याचे बारीक दाणे झाले. ते दाणे तेजाबात उकळत ठेवले. तांबूस-पिवळा धूर वर चढला. चांदी तेजाबात विरघळून गेली आणि तळाशी राहिली विटकरीच्या चुऱ्यासारखी तपकिरी पूड. हे सोनं आहे असं सांगितलं तरी नवख्याला पटायचं नाही. पूड पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, परत मुशीत घातली, आच दिली, आणि झाकण काढलं तेव्हा आत पिवळाधमक थेंब फिरत होता. चांदीही वाया जात नाही. तेजाबाच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की ती तळाशी बसते.

तो धूर मात्र छातीत जातो. धाकट्याने खिडकीत पंखा बसवला आहे, तरी बोलता बोलता त्याला खोकला येतो. गावाकडे नवा बंगला दिसतो, त्यामागचा हा खोकला दिसत नाही, म्हणून लिहितो आहे.

नेपाळच्या सराफ बाजारात सोन्याला एक नाव आहे, 'तेजाबी सुन'. तेजाबाने शुद्ध केलेलं, ते तेजाबी. आपल्या माणसांच्या हातातलं काम इथे मालाचं नावच होऊन बसलं आहे. तोळा मात्र आपला नाही. आपल्याकडे आता तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम; इथला तोळा अजून जुना, 11.664 ग्रॅमचा, आणि त्याचे शंभर लाल. धाकटा म्हणतो, 'पयल्या महिन्यात रोज रात्री हिशेब दोनदा करायचो.'

पुलावरून मात्र गुंजभर सोनं न्यायचं नाही. ही दोघा भावांची पहिली शिस्त. 'सोनं हिकडचं हिकडं, तिकडचं तिकडं,' दादा म्हणतो. माणसांना पूल मोकळा असला तरी सोन्याला तो मोकळा नाही, आणि ज्याला या बाजारात दहा-वीस वर्षं काढायची आहेत त्याने हे विसरू नये.

नेपाळात आल्यावर पहिल्यांदा घड्याळ बदलावं लागतं. इथली वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. पुलावर दोन मिनिटं चाललात की पाव तास गेला. साल विक्रम संवताचं, इसवी सनापेक्षा साधारण सत्तावन्नने पुढचं, आणि सरकारी कागदांवर, शाळेच्या दाखल्यावर, दुकानाच्या परवान्यावर तेच. आपण शके पंचांगात बघतो, व्यवहारात वापरत नाही. इथे संवतावर देश चालतो. नवं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. सुट्टी शनिवारी. म्हणून शनिवारी बीरगंजची कुटुंबं रक्सौलच्या बाजारात दिसतात.

पैशाचा हिशेब सोपा आहे. 1993 पासून शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये, हा दर बांधलेला आहे. भारतीय नोटा बीरगंजात सर्रास चालतात, पण 2018 च्या डिसेंबरात नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटा वापरायला बंदी घातली होती. मोठ्या नोटांचे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी विचारून यावं. आपलं सिमकार्ड पुलानंतर थोड्याच अंतरावर मुकं होतं. जकातीला इथे 'भन्सार' म्हणतात. शंभर नेपाळी रुपयांहून जास्त किमतीचं सामान आणलं तर भन्सार भरायचा, असा नियम 2023 मध्ये काटेकोर लावला, तेव्हा रोजचं तेल-मीठ रक्सौलहून नेणाऱ्या बायका पुलावर रडकुंडीला आल्या होत्या. मुलगी रक्सौलची, सासर बीरगंजचं, अशी इथली घरं आहेत. भोजपुरी दोन्ही तीरांवर एकच. 'रोटी-बेटीचं नातं' हे शब्द इथे भाषणात ऐकू येतात आणि चुलीपाशीही.

ही सीमा आखली गेली ती सुगौलीच्या तहाने. रक्सौलच्या गाडीत तुम्ही बसलात की त्याआधी सुगौली जंक्शन लागतं. तिथे डिसेंबर 1815 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने नेपाळशी तह केला आणि नेपाळचा मोठा मुलूख घेतला. राज्य मात्र राहिलं. त्याच कंपनीने 1819 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह केला आणि 1848 मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा करून टाकलं. एकाच हाताने लिहिलेल्या दोन कागदांचे हे दोन शेवट, सातारा-सांगलीकडच्या माणसाला इथे उभं राहून जाणवल्याशिवाय राहत नाहीत. 1857 नंतर पेशव्यांच्या घरातल्या स्त्रियांना आसरा मिळाला तोही नेपाळात. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर इथेच आले होते, वर कौलांचा कारखाना दाखवून आत शस्त्रं घडवण्याचा बेत मनात धरून. 'कीचकवध' आणि 'मानापमान' लिहिण्याआधीची ही गोष्ट. सांगलीत त्यांची आठवण नाटककार म्हणून निघते. नेपाळात उमेदीचे दिवस घालवलेले ते पहिले सांगलीकर होते की नाही कोण जाणे, पण बीरगंजच्या घंटाघरापाशी मला तेच आठवले.

बीरगंजचं नाव राणा पंतप्रधान वीर शमशेर यांच्यावरून पडलं. 1927 साली रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत छोटी रेल्वे सुरू झाली, ती 1965 मध्ये बंद पडली. पण काठमांडूकडे जाणारा माल आजही याच वाटेने जातो. कोलकाता बंदरात उतरलेले कंटेनर रेल्वेने बीरगंजच्या कोरड्या बंदरात येतात, बाकीचा माल 2018 पासून दोन्हीकडच्या एकात्मिक तपासणी नाक्यांतून. समुद्र नसलेल्या देशाचं बंदर म्हणजे हे गाव. ट्रकांची रांग लांबली की काठमांडूत भाव चढतो.

2015 साल दादाच्या बोलण्यात सारखं येतं. 25 एप्रिलचा भूकंप झाल्यावर काठमांडूहून बसगाड्या भरभरून माणसं रक्सौलला उतरली. दादा तीन दिवस बसथांब्यावर उभा होता, मराठी कुणी बोलतंय का ते ऐकत. 'आपला आवाज लगीच कळतो,' तो म्हणाला. गलाईची दोन कुटुंबं त्याला सापडली. वहिनीने त्यांना आठवडाभर घरी ठेवलं. मग सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईतले मधेशी लोक आपल्या हक्कांसाठी पुलावर ठाण मांडून बसले आणि चार महिन्यांहून जास्त काळ मैत्री पुलावरून ट्रक गेले नाहीत. काठमांडूत गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं नाहीत. बीरगंजात लग्नं पुढे ढकलली गेली, तशी सोनारांची कामं थांबली. धाकट्याची भट्टी कित्येक दिवस पेटली नाही. शेवटी फेब्रुवारी 2016 मध्ये दोन्हीकडचे वैतागलेले व्यापारीच पुढे झाले आणि पूल मोकळा झाला. त्या टंचाईचा धडा नेपाळ विसरला नाही. आता मोतिहारीहून अमलेखगंजपर्यंत 69 किलोमीटरची तेलवाहिनी आहे, 2019 पासून.

दिल्लीत आणि काठमांडूत बसून या सीमेबद्दल बोलणाऱ्यांनी आठ दिवस इथे राहावं असं मला मनापासून वाटतं. कुंपण घाला म्हणणारे दोन्ही राजधान्यांत आहेत. चोरटा व्यापार होतो, हे खरं आहे आणि तो थांबवलाच पाहिजे. पण ज्या पुलावरून व्हिसाशिवाय माणूस जातो, त्याच पुलाच्या दोन्ही टोकांना सोनार पावतीशिवाय सोनं हातात देतो. हा विश्वास एका दिवसात झालेला नाही. धाकट्याला त्या म्हाताऱ्याचा विश्वास मिळवायला सहा वर्षं लागली. पहिल्या वर्षी तो वितळवायला फक्त चांदीचे जुने वाळे देत असे.

आज विजयादशमी, इथली दसैं. नवरात्रात आपण घटापाशी धान पेरतो, तसंच इथे जव पेरतात. त्या पिवळ्या कोंबांना 'जमरा' म्हणतात. आज थोरांनी धाकट्यांना दही, तांदूळ आणि कुंकवाचा टिका लावून जमरा द्यायचा. सकाळी गहवामाईच्या देवळापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी तो म्हातारा सोनार दुकानात आला. धाकट्याला खाली बसवून त्याने कपाळभर टिका लावला. मलाही लावला. मग तो टांगा करून पूल ओलांडून रक्सौलला गेला, कारण दादालाही टिका लावायचा होता. मी सोबत गेलो. दादा सणाला गावी जाऊ शकला नव्हता. लगीनसराई तोंडावर आली की भट्टी सोडता येत नाही. म्हाताऱ्याने त्याच्या कानामागे जमरा ठेवला. तो गेल्यावर दादाने ते कोंब काढून टोपीत खोवले, विट्याला घटाचं धान खोवतात तसे, आणि गावी फोन लावला. तिकडे रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत सुरू झाली होती.

'कुठंवर आली रं पालखी?' त्याने विचारलं, आणि फोन कानाशी घट्ट धरून उभा राहिला.