दांतांची तार आणि आपली जबाबदारी

“दांत आहेत तेव्हां चणे नाहींत, आणि चणे आहेत तेव्हां दांत नाहींत,” ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ज्या मुलाच्या दांतांना तार बसविली आहे, त्याच्याजवळ दांतही असतात आणि चणेही असतात. तरी त्यास चण्यांकडे नुसतें पाहूनच समाधान मानावें लागतें! असे दोन-चार विद्यार्थी हल्लीं बहुतेक प्रत्येक वर्गांत दिसतात. ही तार कां बसवितात, ती काय कार्य करते, आणि ती तोंडांत असतांना कांहीं बिघडलें तर काय करावें, याविषयीं मुलांच्या व त्यांच्या आईबापांच्याही मनांत पुष्कळ गैरसमज आढळतात. ते दूर व्हावे एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतों. आमच्या वसतिगृहांतील नववीच्या एका विद्यार्थ्याच्या तारेचें टोंक एका रात्रीं गालांत रुतूं लागलें. व्यवस्थापकांस झोपेंतून उठविण्याचा त्यास संकोच वाटला. त्यानें कंपासपेटी उघडली आणि कर्कटकाच्या टोंकानें तार वांकविण्याची खटपट केली. तार वांकली खरी, पण तिच्याबरोबर दोन ब्रॅकेट निखळले आणि ओंठासही जखम झाली. पुढें परीक्षा आली. वडील मंडळी रागें भरतील या भीतीनें त्यानें ही गोष्ट दोन महिने कोणासही सांगितली नाहीं. तेवढ्या अवधींत सरळ होत आलेला दांत पुन्हां फिरला आणि उपचार कित्येक महिने लांबला. वडिलांना गांवाहून जास्तीच्या खेपा घालाव्या लागल्या, त्या निराळ्याच. वास्तविक त्या रात्रीं वाटाण्याएवढें मेण त्याच्या हाताशीं असतें, तर हा सारा अनर्थ टळला असता.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मनुष्यास दुधाचे दांत २० व कायमचे ३२ असतात. सुमारें सहाव्या वर्षीं पहिली कायमची दाढ दिसूं लागते, आणि बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत अक्कलदाढा वगळून बाकीचे २८ दांत येतात. जबडा लहान व दांत मोठे असा वारसा आईबापांकडून आला, म्हणजे या दांतांस जागा अपुरी पडते व ते एकमेकांवर चढतात. कित्येकांचा वरचा किंवा खालचा जबडाच पुढें असतो. पुष्कळ वर्षें अंगठा चोखण्याची संवय राहिली, तर वरचे दांत पुढें येतात. दुधाची दाढ किडून वेळेपूर्वीं काढावी लागली, तर शेजारचा दांत त्या रिकाम्या जागेंत सरकतो आणि मागून येणाऱ्या दांताची वाट अडते. म्हणून “दुधाचे दांत काय, ते पडणारच” असें म्हणून त्यांची हेळसांड करणें योग्य नव्हे. अमेरिकेंतील दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनीं १८९९ सालीं वरची व खालची पहिली दाढ एकमेकींवर कशा बसतात, हें पाहून अशा दोषांचे तीन वर्ग पाडले. ती वर्गवारी आजही उपयोगांत आहे. हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाहीं. दाटीवाटीनें उभे असलेले दांत नीट घासतां येत नाहींत, म्हणून ते व त्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात. आणि फार पुढें आलेले दांत पडझडींत सहज मोडतात.

दांत तर हाडांत रोवलेला. मग तो सरकतो कसा? याचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. दांत हा भिंतींत ठोकलेल्या खिळ्यासारखा नसतो. त्याचें मूळ व जबड्याचें हाड यांच्यामध्यें सुमारें ०.२ मिलिमीटर जाडीचा एक तंतुमय पडदा असतो. दांतावर हलका पण सतत दाब ठेवला, म्हणजे ज्या बाजूस दाब पडतो तेथील हाड हळूहळू विरघळतें व ज्या बाजूस ताण पडतो तेथें नवें हाड तयार होतें. अशा रीतीनें दांत आपलें घर सोडीत नाहीं, तर घरासकट पुढें चालतो. ही गति महिन्यास सरासरीनें सुमारें १ मिलिमीटर एवढीच असते. तार जास्त जोरानें ओढली तर काम लवकर होईल, अशी पुष्कळांची कल्पना असते. परंतु ती चुकीची आहे. फार दाब पडला म्हणजे त्या पडद्यांतील रक्तप्रवाह अडतो, दांत उलट अडून राहतो आणि मुळाची झीज होण्याचें भय असतें. माळी नव्या रोपास काठीचा आधार देतो तेव्हां तें हलक्या हातानेंच बांधतो. येथेंही तोच न्याय आहे.

ही विद्या एका दिवसांत सिद्ध झालेली नाहीं. फ्रान्समधील पिएर फोशार यांनीं १७२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत धातूची पट्टी दोऱ्यानें दांतांस बांधून ते ओळींत आणण्याची रीत वर्णिली आहे. पुढें पुष्कळ वर्षें प्रत्येक दांताभोंवतीं धातूचें कडें बसवावें लागे. १९५५ सालीं मायकेल बुओनोकोर यांनीं आम्लानें दांताचा पृष्ठभाग खरबरीत करून त्यावर पदार्थ चिकटविण्याची युक्ति दाखविली, आणि तिच्यामुळें पुढें कड्याऐवजीं दांताच्या दर्शनी भागावर ब्रॅकेट नांवाचा लहानसा तुकडा चिकटवितां येऊं लागला. या ब्रॅकेटांच्या खांचेंतून तार जाते व तिला बारीक रबरी कडीं धरून ठेवतात. १९७० नंतरच्या दशकांत निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार प्रचारांत आली. ती वांकविली तरी मूळ आकारावर येऊं पाहते, व त्यामुळें पुष्कळ दिवस मंद दाब देत राहते.

मुलांची अशी तपासणी सातव्या वर्षाच्या सुमारास एकदां करून घ्यावी, असें तज्ज्ञ सांगतात. याचा अर्थ त्या वयांत तार बसवावी असा नव्हे. बहुतेकांना ती कायमचे दांत आल्यावर, दहा ते चौदा वर्षांच्या दरम्यान बसवितात. मोठ्या माणसांचेही दांत सरळ करतां येतात. उपचारास साधारणतः दीड ते दोन वर्षें लागतात. कित्येकांस त्याहूनही अधिक. दंतवैद्यकाची पदवी घेतल्यावर आणखी तीन वर्षें याच शाखेचा अभ्यास केलेल्या तज्ज्ञांकडून हें काम करून घ्यावें. खर्चाची अडचण असेल तर पालकांनीं निराश होऊं नये. मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें शासकीय दंत महाविद्यालयें आहेत, तसेंच मुंबईस महानगरपालिकेचें नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणीं खासगी दवाखान्यापेक्षां पुष्कळ कमी खर्चांत उपचार होतात. मात्र तेथें आपला क्रम येईपर्यंत धीर धरावा लागतो.

आतां एक लहानसें गणित करूं. तीस दिवसांच्या महिन्यांत ७२० तास असतात. त्यांपैकीं दंतवैद्याच्या खुर्चींत मूल फार तर अर्धा तास बसतें. उरलेले ७१९॥ तास ती तार सर्वस्वीं त्याच्या स्वाधीन असते. यावरून कोणाची जबाबदारी किती, हें सांगणें नकोच.

या जबाबदारीचा पहिला भाग स्वच्छता हा होय. ब्रॅकेटाभोंवतीं अन्न अडकतें, तेथें जंतु वाढतात व त्यांच्या आम्लानें दांतांतील क्षार निघून जातात. एक महिनाभर जरी आळस केला, तरी दांतांवर पांढरे डाग उमटूं शकतात. दोन वर्षांनीं तार निघावी, दांत ओळींत असावे, परंतु प्रत्येकावर चौकोनी डागाची खूण कायमची राहावी, याहून मोठी निराशा कोणती? म्हणून प्रत्येक जेवणानंतर फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घासावे. ब्रश प्रथम तारेच्या वरच्या अंगानें व मग खालच्या अंगानें तिरपा धरून फिरवावा, आणि तारेखालीं बारीक ब्रश घालून अडकलेले कण काढावे. शाळेंत ब्रश नसेल तर निदान पाण्यानें खळखळून चूळ भरावी.

दुसरा भाग आहाराचा. चिक्की, कडक लाडू, फुटाणे, सुपारी, बर्फ व चिकट गोळ्या वर्ज्य समजाव्या. ऊस दांतांनीं सोलूं नये. मक्याचें कणीस तोंडानें न खातां दाणे काढून खावे; पेरू व सफरचंद फोडी करून मागच्या दाढांनीं चावावें. भाकरी दुधांत किंवा वरणांत कुसकरून घ्यावी. पेन्सिल चावण्याची व नखें कुरतडण्याची संवय असेल, तर ती मोडण्यास याहून चांगला मुहूर्त नाहीं!

इतकी काळजी घेऊनही लहानसहान अडचणी येतातच. त्यांचे उपाय असे:

तार बसविल्यावर किंवा बदलल्यावर तीन ते पांच दिवस दांत ठणकतात. हें बिघाडाचें नव्हे, तर काम सुरू झाल्याचें लक्षण होय. मऊ भात, खिचडी, दहीं, केळें असा आहार घ्यावा व कोमट पाण्यांत मीठ घालून गुळण्या कराव्या. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनीं सांगितलेल्या प्रमाणांतच घ्यावी.

ब्रॅकेट घासून गालास किंवा ओंठास फोड आला, तर दंतवैद्यानें दिलेलें मेण वाटाण्याएवढें घ्यावें, बोटांत मळून मऊ करावें, ब्रॅकेट कापसानें कोरडा पुसावा आणि त्यावर तें दाबून बसवावें. चुकून गिळलें गेलें तरी या मेणानें अपाय होत नाहीं.

तारेचें टोंक टोंचत असेल, तर पेन्सिलीच्या मागच्या स्वच्छ रबरानें किंवा कापसाच्या काडीनें तें हलकेंच दांताकडे दाबावें. तेवढ्यानें न भागल्यास मेण लावावें. तार मागच्या दाढेच्या नळींतून निसटली असेल, तर स्वच्छ चिमट्यानें ती पुन्हां आंत सरकवून पाहावी. दंतवैद्यास विचारल्याखेरीज ती कापूं नये.

ब्रॅकेट सुटला तर तो ओढून काढूं नये. तारेवर तसाच राहूं द्यावा आणि दंतवैद्यास कळवावें. सर्वस्वीं निघून हातांत आल्यास डबींत जपून न्यावा. रबरी कडें निघालें तर घाबरण्याचें कारण नाहीं. मात्र दूरध्वनीवरून विचारून घ्यावें. दंतवैद्यानें वरच्या-खालच्या दांतांमध्यें अडकविण्यास रबरें दिलीं असतील, तर तीं सांगितलेले तास लावावीं व सांगितल्याप्रमाणें बदलावीं. एक दिवस चुकलें म्हणून दुसऱ्या दिवशीं दोन-दोन लावूं नयेत. त्या जास्त ओढीनें मुळास इजा होते.

कांहीं प्रसंग मात्र खरोखर तातडीचे असतात. सुटलेला तुकडा गिळला गेला तर बहुधा तो निरुपद्रवीपणें शरीराबाहेर पडतो, तरी डॉक्टरांस सांगावें. परंतु खोकल्याची उबळ थांबत नसेल किंवा श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें. तोंडावर सूज आली, ताप आला किंवा रक्त थांबत नसेल, तरीही तसेंच करावें. खेळतांना कायमचा दांत मुळासकट निघाला, तर मुळास हात न लावतां तो वरच्या भागानें धरावा, मळला असल्यास दुधानें किंवा पाण्यानें क्षणभर धुवावा, शक्य असल्यास लगेच जागेवर बसवावा, नाहीं तर दुधांत ठेवून तासाच्या आंत दंतवैद्याकडे जावें. हॉकी किंवा क्रिकेट खेळणाऱ्यांनीं दांतांवर संरक्षक आवरण घालणें हाच उत्तम मार्ग.

तार निघाली म्हणजे सर्व संपलें, असेंही समजूं नये. नवें हाड पक्कें होण्यास कित्येक महिने लागतात, आणि हिरडींतील तंतु तर वर्षभरही दांतास जुन्या जागीं ओढीत असतात. म्हणून पुढें रिटेनर नांवाचें साधन देतात. तें प्रथम सांगितलेला सर्व वेळ व नंतर रात्रीं घालावयाचें असतें. जेवतांना काढलेला रिटेनर कागदांत गुंडाळून ठेवूं नये, तो कचऱ्यांत जातो, डबींतच ठेवावा. उकळत्या पाण्यानें धुऊं नये, त्याचा आकार बिघडतो.

आईबापांस एकच विनंति आहे. तार तुटली तर मुलावर रागावूं नका. रागाच्या भीतीनें मूल गोष्ट लपवितें, आणि लपविलेल्या तुटक्या तारेनें तुटलेल्या तारेपेक्षां शतपट नुकसान होतें. विद्यार्थ्यांनीं आपल्या वर्गबंधूच्या तारेची थट्टा करूं नये. थट्टेच्या भयानें जो तोंड मिटून बसतो, तो वर्गांत उत्तर देण्याचेंही सोडून देतो, हें आम्हां शिक्षकांस रोज दिसतें.

ज्या विद्यार्थ्याची हकीकत आरंभीं सांगितली, त्याची तार आतां निघाली आहे. त्याच्या कंपासपेटींत कर्कटक अजून आहेच. पण त्याच्या शेजारीं मेणाची एक लहान डबीही असते. स्वतःस तिची गरज उरलेली नाहीं, तरी रात्रीं-अपरात्रीं वसतिगृहांतील एखादें लहान मूल गाल धरून उठलें, तर तो ती त्यास देतो, आणि सकाळीं त्यास बरोबर घेऊन व्यवस्थापकांकडे जातो.