एंडोमेट्रिऑसिस आणि प्रथिने न बनवणारे आरएनए

एंडोमेट्रिऑसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. अंडाशय, ओटीपोटाचे आतले आवरण, क्वचित आतडे किंवा मूत्राशय या त्यांच्या जागा. पाळीच्या चक्राबरोबर तिथेही रक्तस्राव होतो, पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. दाह वाढतो, अवयव एकमेकांना चिकटतात, अंडाशयात जुन्या रक्ताची ‘चॉकलेट सिस्ट’ तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे. पाळीत दुखायचेच, असे ऐकवले गेल्याने अनेकींचे निदान कित्येक वर्षे लांबते, आणि हा या आजाराचा सर्वांत अन्यायकारक भाग आहे.

पाळीचे थोडे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते व त्यातल्या पेशी तिथे रुजतात, अशी उपपत्ती अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात मांडली. मात्र असे उलटे वाहणे बहुतेक स्त्रियांत होते आणि आजार थोड्यांनाच जडतो. एरवी मरून जाणाऱ्या या पेशी काहींच्या पोटात तग कशा धरतात, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग आरएनएमध्ये सापडतो आहे.

डीएनएतील माहितीची नक्कल आरएनएच्या रूपात निघते आणि त्यावरून पेशी प्रथिन बनवते, हे शाळेत शिकवले जाते. मानवी डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांसाठी असतो. उरलेल्या भागावरूनही भरपूर आरएनए निघतात, पण त्यांपासून प्रथिन बनत नाही. त्यांतल्या अनेकांचे काम नियंत्रणाचे असते. सर्वांत लहान म्हणजे सुमारे २२ अक्षरांचे मायक्रोआरएनए. ते संदेशवाहक आरएनएला जोडले जातात आणि त्यावरून होणारी प्रथिननिर्मिती दाबून टाकतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत त्यांचा शोध लावला. २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्याबद्दलच मिळाले. २०० अक्षरांहून लांब असलेले ते लाँग नॉन-कोडिंग आरएनए. त्यांतले काही मायक्रोआरएनएला स्वतःला चिकटवून घेऊन निकामी करतात.

आजारात हा तोल बिघडतो. मिर-२०० या कुटुंबातील मायक्रोआरएनए पेशींना एकमेकींशी घट्ट बांधून ठेवणारी व्यवस्था सांभाळतात. गर्भाशयाबाहेरच्या गाठींत त्यांचे प्रमाण घटलेले आढळते. मग झेब-१ या प्रथिनावरचा दाब सुटतो, पेशींची पकड सैल होते आणि त्या सरकू लागतात. मिर-१९९ए कमी झाला की नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारे प्रथिन वाढते आणि रुजलेल्या पेशींना रक्तपुरवठा मिळतो. मिर-२९सी मात्र वाढतो. तो एफकेबीपी-४ हे प्रथिन घटवतो आणि या प्रथिनावाचून प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचा ग्राहक (रिसेप्टर) नीट काम करत नाही. प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्यांचा काही रुग्णांना फारसा उपयोग का होत नाही, याचा एक धागा इथे असावा.

एच-१९ चे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. हा लांब आरएनए लेट-७ नावाच्या मायक्रोआरएनएला धरून ठेवतो. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात एच-१९ कमी आढळला. त्यामुळे लेट-७ मोकळा राहतो, वाढीचा संदेश घेणारा आयजीएफ-१ चा ग्राहक दाबला जातो आणि अस्तरातील पेशींची वाढ मंदावते. गर्भ रुजण्यातील अडचणीशी याचा संबंध असावा, असे संशोधकांना वाटते. म्हणजे बिघाड केवळ बाहेरच्या गाठींत नसतो. गर्भाशयाचे स्वतःचे अस्तरही बदललेले असते.

मायक्रोआरएनए रक्तात आणि लाळेतही टिकून राहतात, म्हणून निदानासाठी त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहिले जाते. खात्रीचे निदान आजवर बहुधा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनेच होत आले. फ्रेंच संशोधकांनी २०२२ मध्ये लाळेतील १०९ मायक्रोआरएनएंच्या नमुन्यावरून आजार ओळखणारी चाचणी मांडली आणि तिचे पहिले निकाल उत्साहवर्धक होते. परंतु त्याच वर्षीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी रक्तातील वा गर्भाशयाच्या अस्तरातील जैवखुणांवरून निदान करू नये, असे सांगितले. ही सावधगिरी रास्तच आहे. मिर-४५१ए रुग्णांच्या रक्तात वाढतो असे काही अभ्यासांत दिसले, पण हाच मायक्रोआरएनए लाल पेशींत मुबलक असतो. नमुना हाताळताना त्या पेशी फुटल्या तर आकडा आपोआप फुगतो. पाळीचा कितवा दिवस, हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, गाठ कुठली, यांवरही निकाल बदलतात. वेगवेगळ्या देशांतील स्त्रियांचे नमुनेही तपासावे लागतील. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने भारतातील अनेक केंद्रांत या आजाराचा वैद्यकीय व जनुकीय अभ्यास हाती घेतला गेला, ही त्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे.

मायक्रोआरएनएवर आधारित उपचार अजून प्रयोगशाळेत आहेत. उंदरांच्या पोटात लेट-७बी टोचल्यावर गाठी लहान झाल्या. अस्तरात मोकळा सुटून वाढ खुंटवणारे हेच कुटुंब गाठीत मात्र हितकारक ठरते. शिवाय एकच मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर परिणाम करतो. त्यामुळे असे औषध गाठीपर्यंत पोहोचवायचे आणि गर्भाशयाच्या अस्तराला मात्र त्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, ही यातली सर्वांत अवघड पायरी आहे.